मोच्याकडून ब्रेक दुरुस्त करून घेणारी बर्था

मैत्रिणींनो, गोष्ट गेल्या मे महिन्यातली. नणंदेच्या मुलीचे डोहाळजेवण चिपळूणला होते. सकाळी लवकर आवरून, ओटीचे सामान, करंज्यांचा डबा वगैरे घेऊन आम्ही दोघे कराडहून निघालो. आमची गाडी चांगली सतरा-अठरा वर्षांची. तीही आम्ही दुसऱ्याकडून घेतलेली. पाटण मागे पडले आणि कोयनानगरच्या अलीकडे हे एकदम गप्प झाले. मला वाटले, ॲसिडिटी झाली असेल. विचारले तर म्हणाले, ब्रेक जरा खोल लागतोय.

पुढे कुंभार्ली घाट! नागमोडी वळणांचा उतार. माझ्या तर पोटात गोळाच आला. नशिबाने रस्त्याकडेला एक छोटे गॅरेज दिसले. गाडी हळूहळू थांबवली. मी खाली उतरून पाहिले, तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग आणि खाली थेंब थेंब गळतेय. पाणी म्हणावे तर हाताला बुळबुळीत लागले. गॅरेजमधल्या मेस्त्रींनी वाकून एकदाच बघितले आणि सांगितले की ब्रेकचा पाइप गंजून फुटलाय.

मी आर्ट्सची पदवीधर. गाडीच्या पोटात काय असते, याच्याशी माझा आजवर संबंध आला नव्हता. पण मेस्त्री समजावून सांगणारे निघाले. आपण पॅडल दाबतो तेव्हा पुढे एका नळकांड्यातले तेल दाबले जाते. तो दाब बारीक लोखंडी पाइपांतून चारी चाकांपर्यंत जातो आणि चाके थांबतात. पाइपला कुठे भोक पडले की तेल बाहेर आणि दाब नाहीसा. तेलाच्या वाटा दोन वेगवेगळ्या असतात. एक गेली तरी दुसरी चालते, म्हणून आमची गाडी थांबली तरी. पण अर्ध्या ब्रेकवर घाट उतरायचा म्हणजे जीव टांगणीला!

ह्यांना उशीर होत होता. त्यांनी सुचवले की तेवढ्यापुरती पट्टी नाहीतर एम-सील लावून द्या. मेस्त्रींनी साफ नकार दिला. ब्रेकच्या पाइपला ठिगळ चालत नाही, ब्रेक मारला की आतला दाब ते ठिगळ उडवून देतो. मग त्यांनी नवा पाइप मापाने कापला, त्याची तोंडे हत्याराने फुलवली, जुन्यासारखा वाकवून बसवला, नट आवळले आणि नवे तेल ओतले. आता आत शिरलेली हवा काढायची राहिली होती. त्यांचा पोऱ्या जेवायला गेलेला आणि हे फोनवर. मेस्त्री मला म्हणाले, वहिनी, तुम्ही बसा आणि सांगेन तसे पॅडल मारा.

बसले की मी, भरजरी साडी सावरत! तीन-चारदा दाबायचे आणि मग दाबून धरायचे. चाकाजवळ मेस्त्री बारीकसा नट सैल करायचे, बुडबुड्यांसकट तेल बाहेर यायचे, ते नट आवळायचे आणि मग मी पाय सोडायचा. असे बऱ्याचदा केले. हळूहळू पायाखालचे पॅडल घट्ट होत गेले. खरे सांगते, भाकरी तव्यावर टम्म फुगल्यावर होतो ना, तसाच आनंद झाला.

आणि त्या वेळी मला बर्था आठवली.

बर्था बेंझ. बेंझ म्हणजे आपण ज्या गाडीकडे रस्त्यावर मान वळवून बघतो, त्या मर्सिडीज-बेंझमधली बेंझ. लेकीला पॉलिटेक्निकच्या स्नेहसंमेलनात भाषण करायचे होते, तेव्हा तिच्यासाठी वाचता वाचता माझी या बाईशी ओळख झाली. तिचीही गाडी वाटेत बिघडली होती, तिचेही ब्रेक गेले होते आणि समोर उतार होता. फक्त तेव्हा जगात गाडी दुरुस्त करणारे गॅरेजच नव्हते!

बर्थाचा जन्म ३ मे १८४९चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतात फोर्झहाइम नावाच्या गावी. माहेरचे आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकामातून वर आलेले, घरी सुबत्ता. पण आधीही मुलीच होत्या. असे सांगतात, की घरच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माच्या नोंदी ठेवायचे, तिथे तिच्या नावाजवळ पुन्हा मुलगीच झाली म्हणून हळहळ लिहिलेली होती आणि ती थोडी मोठी झाल्यावर तिने ती वाचली. आम्हा सातारा जिल्ह्यातल्या बायकांना हे काही नवे नाही. नको असताना झालेली म्हणून नकुशी नाव ठेवलेल्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ मध्ये आमच्या जिल्ह्यात समारंभाने नवी नावे दिली गेली. नावात काय असते म्हणतात, पण ज्या मुलीला रोज तशी हाक मारली जाते तिला विचारावे!

बर्था हुशार होती. यंत्रे कशी चालतात, याचे तिला लहानपणापासून कुतूहल. पण त्या काळी बाडेनमधल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती, ती उघडली १९०० साली. त्यामुळे तिचे शिक्षण त्या काळच्या चांगल्या घरच्या मुलीला मिळायचे तेवढेच.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची गाठ कार्ल बेंझशी पडली. हा तरुण इंजिनिअर. वडील त्याच्या लहानपणीच गेलेले, आईने कष्ट करून शिकवलेला. खिशात पैसा नाही, पण डोक्यात एकच ध्यास, घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची. बर्थाला हा मुलगा आणि त्याचे वेड, दोन्ही आवडले. रिंगर कुटुंबाच्या मानाने हे स्थळ काही खास नव्हते. पण पोरीने मनात घेतले ते घेतले.

पुढे कार्लने मानहाइम शहरात भागीदारीत एक कारखाना काढला. भागीदाराशी पटेना, धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने काय करावे? लग्नात मिळायचा तो हुंडा तिने वडिलांकडून आधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराला मोकळे केले. लग्न व्हायच्या आधी! लग्न झाले १८७२च्या जुलैमध्ये. गंमत बघा, लग्नापूर्वी हा व्यवहार तिचा होता. लग्न झाल्यावर मात्र तिथल्या कायद्याने बायकोच्या पैशाचा कारभार नवऱ्याच्या हाती जायचा.

पुढची वर्षे ओढगस्तीची. मुले होत होती. युगेन, रिचर्ड, क्लारा, थिल्डे आणि बऱ्याच वर्षांनी धाकटी एलेन. कारखान्यावर कर्ज, देणेकरी दाराशी. १८७९च्या शेवटच्या रात्री, सगळे शहर नव्या वर्षाच्या स्वागतात दंग असताना, बर्था आणि कार्ल त्यांच्या इंजिनापाशी उभे होते आणि ते इंजिन पहिल्यांदा नीट चालू झाले, अशी आठवण कार्लने पुढे लिहून ठेवली. दिवसभर घरकाम आणि मुले उरकून रात्री कारखान्यात नवऱ्याच्या शेजारी उभे राहायचे, हे तिला अंगवळणी पडले होते.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज केला. मोटारीचा जन्मदाखला म्हणतात तो हाच. त्यावर नाव एकट्या कार्लचे. लग्न झालेल्या बाईने आपल्या नावावर पेटंट घेणे तिथल्या कायद्यात बसतच नव्हते. पैसा बर्थाचा, जागरण बर्थाचे, दाखल्यावर मात्र ती नाही.

गाडी तर झाली. घ्यायला कोणी येईना! आवाज करणारी, धूर सोडणारी, मध्येच बंद पडणारी ही तीन चाकांची वस्तू बघून लोक हसायचे, कोणी घाबरायचे. कार्लचा स्वभाव अति चिकित्सक. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू, म्हणून तो गाडी जवळपासच फिरवायचा. बर्थाच्या लक्षात आले की सुधारणा करत बसून काही व्हायचे नाही. ही गाडी खरोखर लांबच्या गावाला नेते, हे लोकांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे.

१८८८चा ऑगस्ट महिना. मुलांना शाळेची सुटी. बर्था ३९ वर्षांची. एके दिवशी भल्या पहाटे, कार्ल झोपेत असताना, तिने पंधरा वर्षांचा युगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना बरोबर घेतले. गाडी बाहेर काढली आणि निघाली माहेरी! मानहाइम ते फोर्झहाइम, सुमारे १०५ किलोमीटर. इतक्या लांब तोपर्यंत जगात कोणीच मोटारीने गेले नव्हते. नवऱ्याला विचारले असते तर त्याने नाहीच म्हटले असते. शिवाय अशा गाड्या रस्त्यावर आणायच्या तर सरकारी परवानगीचे झंझट. तिने तेही विचारले नाही.

रस्ते कसले? घोडागाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले, मातीचे. गाडीचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास. डोक्यावर छप्पर नाही. इंजिन थंड ठेवायला सारखे पाणी ओतायचे, ते वाटेतल्या खाणावळीतून, ओढ्यातून भरून घ्यायचे. इंधन किती पुरणार? ते संपत आले तेव्हा विस्लोख गावी तिने औषधाचे दुकान गाठले. लिग्रोइन नावाचा एक द्रव तेव्हा डाग काढायला वापरत आणि तो औषधाच्या दुकानात मिळायचा. तेच गाडीचे इंधन. विस्लोखचे ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते.

मग एकेक दुखणी सुरू झाली. इंधनाची नळी तुंबली. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळीतला मळ साफ केला. पुढे एक वायर घासून उघडी पडली. पायमोजा वर धरून ठेवणारा पट्टा तिने तिच्यावर गुंडाळला. साखळीने दगा दिला, तेव्हा ब्रुखझालला लोहाराकडून ती नीट करून घेतली. चढावर गाडी दमली की मुलांनी खाली उतरून ढकलायची.

आता येते ब्रेकची गोष्ट. चढ गेला म्हणजे उतार आलाच. त्या गाडीला आपल्यासारखे तेलाचे ब्रेक नव्हते. ते यायला आणखी तीस-बत्तीस वर्षे होती. तिथे होते लाकडी ठोकळे. हाताने दांडा ओढला की ते ठोकळे फिरत्या भागावर दाबले जायचे आणि घर्षणाने गाडी थांबायची. पण एवढ्या उतारांवर लाकूड घासून घासून झिजले. दांडा ओढला तरी पकड येईना. शेजारी आपली दोन मुले, पुढे उतार.

बर्थाने गाडी थांबवली आणि गावात कोण गाठला असेल? मोची! ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून देण्याचे काम तिने त्याला सांगितले. चामडे चिवट, लाकडापेक्षा चांगले धरते. झिजले तर तेवढाच तुकडा बदलायचा, ठोकळा तसाच राहतो. चपलेचा तळ झिजला की आपण अख्खी चप्पल टाकत नाही, नवा तळ बसवून घेतो, तसेच हे. ब्रेकवर बसवायचा वेगळा थर, ज्याला आज लायनर म्हणतात, त्याची कल्पना बर्थाची मानली जाते. चामड्याच्या जागी पुढे दुसरे पदार्थ आले. पण रिक्षापासून ट्रकपर्यंत आजही झिजणारा थर वेगळा आणि बदलता येणारा असतो.

माझे वडील म्हणायचे की घरातली बाई काटकसरी असते. मी म्हणेन, ती नुसती काटकसरी नसते. जवळ काय आहे आणि त्यातले काय कुठे लागू पडेल, हा हिशोब तिच्या डोक्यात सतत चालू असतो. टोपीची पिन, मोज्याचा पट्टा, मोच्याचे चामडे. यातली एकही वस्तू कारखान्यातली नाही. पण नीट बघा, जिथे तात्पुरते चालण्यासारखे होते तिथे तिने पट्टा गुंडाळून निभावले. साखळी आणि ब्रेक यांच्या बाबतीत मात्र जाणत्या कारागिराकडे गेली. कुठे जुगाड चालेल आणि कुठे चालणार नाही, हे तिला कळत होते. आमच्या मेस्त्रींनी एम-सील लावायला नकार दिला, त्यातही हेच शहाणपण होते.

अंधार पडता पडता तिघे फोर्झहाइमला पोहोचली. धुळीने माखलेली, दमलेली. तिने लगेच कार्लला तार केली की आम्ही सुखरूप पोहोचलो. काही दिवस माहेरपण करून ती वेगळ्या रस्त्याने त्याच गाडीतून परत आली. वाटेत लोकांनी गाडी डोळ्यांनी पाहिली, जिकडे तिकडे चर्चा झाली. बर्थाला हवे होते तेच झाले.

घरी आल्यावर तिने प्रवासातल्या अडचणी नवऱ्यासमोर मांडल्या. चढासाठी आणखी एक गियर हवा, ब्रेकवर चामडे हवे. कार्लने ते मानले आणि गाडीत बदल केले. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. १९०० पर्यंत बेंझ कंपनी जगातली सर्वांत मोठी मोटार बनवणारी कंपनी झाली होती. १९२६ मध्ये ती डाइमलर कंपनीशी एक झाली आणि गाड्यांना मर्सिडीज-बेंझ हे नाव मिळाले. यातली मर्सिडीज ही डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याची मुलगी. म्हणजे त्या नावाचा पहिला अर्धा भाग एका मुलीचा आणि दुसरा अर्धा बर्थाच्या सासरचा! आपल्या पुण्याजवळ चाकणलाही या गाड्या तयार होतात.

कार्लने १९२५ मध्ये आत्मचरित्र लिहिले. पडत्या काळात सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा एकटी बायको आपल्याबरोबर उभी राहिली, हे त्यात त्याने मोकळेपणाने मान्य केले. १९२९ मध्ये तो गेला. बर्था त्यानंतरही पंधरा वर्षे लाडेनबुर्ग गावच्या घरी राहिली. चामडे ठोकलेल्या लाकडी ब्रेकपासून तेलाच्या ब्रेकपर्यंतचा सगळा प्रवास तिने जिवंतपणी पाहिला. दोन महायुद्धे पाहिली. ३ मे १९४४ रोजी, तिच्या ९५व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहेच्या तंत्र विद्यापीठाने तिला सन्मानाची पदवी दिली. तिच्या तरुणपणी तिला आत पाऊल टाकता आले नसते अशी ती संस्था. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, बर्था गेली.

२००८ मध्ये तिच्या प्रवासाच्या त्या वाटेला तिचे नाव मिळाले. अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या मानाच्या यादीत कार्लचे नाव १९८४ साली लागले होते. बर्थाचे लागले २०१६ मध्ये. एका घरातल्या दोन माणसांमध्ये ३२ वर्षांचे अंतर!

हे वाचले तेव्हा मला आमच्या बचत गटातली एक ताई आठवली. नवऱ्याला रिक्षा घ्यायची म्हणून तिने मंगळसूत्र आणि पाटल्या गहाण टाकल्या. गटाकडून कर्ज घेतले, त्याचे हप्ते शिवणकाम करून तिनेच फेडले. रिक्षाचे कागद मात्र नवऱ्याच्या नावावर. नवरा वाईट नाही हो, पण त्यालाही सुचले नाही आणि आम्हा गटातल्या बायकांनाही विचारावेसे वाटले नाही. आपला हातभार आपणच मोजत नाही, मग दुसरा कशाला मोजेल? गेल्या दिवाळीत त्यांनी मालवाहू टेम्पो घेतला. या वेळी बँकेत मी मुद्दाम बरोबर गेले. टेम्पोचे कागद तिच्या नावावर झाले. नवराही खुशीत होता, पेढे त्यानेच वाटले.

आणि माझे काय? माझ्याकडे वाहन चालवायचा परवाना बरीच वर्षे आहे. कपाटात, साड्यांच्या खाली. शिकले तेव्हा दोन-तीनदा गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, घरात थट्टा झाली आणि मी गाडीचा नादच सोडला. त्या दिवशी मेस्त्रींनी पैसे घेऊन झाल्यावर सांगितले की मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवून ब्रेक लागतोय का बघा. हे दरवाज्याकडे निघाले. पण मी आधीच बसलेली होते ना! म्हटले, पॅडल मी घट्ट केलेय, तर बघतेही मीच. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितले आणि गुपचूप शेजारी जाऊन बसले. अर्धा किलोमीटर गेले, तीनदा ब्रेक मारला, गाडी तीनही वेळा जागच्या जागी उभी राहिली. घाट मात्र ह्यांनीच उतरवला, उगाच खोटे कशाला बोलू?

आता दर गुरुवारी बचत गटाच्या बैठकीला मी स्वतः गाडी घेऊन जाते. निघण्यापूर्वी वाकून गाडीखाली एक नजर टाकते, कुठे ओला डाग तर नाही ना. पॅडल दाबून बघते. जुनी गाडी असेल तर तुम्हीही हे करा, मैत्रिणींनो. पॅडल मऊ किंवा खोल लागले तर पुढे जाऊ नका. चालत्या गाडीत ब्रेक गेलाच तर घाबरून इंजिन बंद करू नका. पॅडल भराभर दाबत राहा, गियर एकेक करत खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. आणि ब्रेकच्या पाइपला ठिगळ लावू देऊ नका, मग डोहाळजेवणाला कितीही उशीर होवो.

आम्हाला त्या दिवशी दीड तास उशीर झाला. करंज्या संपेपर्यंत सगळ्यांना मी ब्रेकचीच गोष्ट सांगत होते. नणंदेची लेक म्हणाली, मामी, मुलगी झाली तर तिला आधी गाडी शिकवते. तिला मुलगीच झाली. घरात पेढे वाटले, हळहळ कोणी केली नाही.